लिव्हर म्हटलं की बाटली

सोमवार, ४ ऑगस्ट

आज लिहिलंच पाहिजे, नाहीतर उद्या कोणाच्या तरी अंगावर धावून जाईन. ही डायरी रोहितला कंपनीतून मिळालेली, जानेवारीपासून कोरीच पडली होती. माझ्या कामी आली.

आठवडाभर पोराला थंडी वाजून ताप येतोय. उजव्या बरगडीखाली हात लावू देत नाही, खांदाही ठणकतो म्हणतो. नेहमीच्या डॉक्टरांनी आधी मलेरिया म्हटलं, मग टायफॉइड म्हटलं, शेवटी सोनोग्राफीला धाडलं. तिथल्या माणसाने पोटावर यंत्र फिरवलं, पडद्याकडे बघितलं आणि माझ्यासमोरच त्याला विचारलं, "किती घेतो?"

मी म्हटलं, "काय किती घेतो?"

"दारू हो, मावशी. लिव्हरमध्ये पू झालाय. मोठं गळू आहे."

माझा रोहित साधा सोडाही पीत नाही, ढेकर येतात म्हणून. अंबडच्या कंपनीत क्वालिटीला आहे, शिफ्ट संपली की सरळ घरी. त्याचे वडील गेले तेव्हा तो दहावीत होता. तेव्हापासून मी सिडकोतल्या ह्या घरात खानावळ चालवते, कामगार पोरांना जेवू घालते, आणि ती पोरं काय काय पिऊन येतात ते मला नाकाने कळतं. माझ्या पोराचं मला कळणार नाही? त्या माणसाला हे सगळं सांगायचं होतं, पण तोवर त्याने पुढच्या पेशंटला हाक मारली होती.

मंगळवार, ५ ऑगस्ट

अ‍ॅडमिट केलं. बरगडीतून सुई घालून पू काढला आणि नळी ठेवली. तपकिरी, गढूळ. बघवेना, तरी बघितला. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, तृप्ती नाव. हाताला गुण असेल, पण त्यांनीही दारूचं तीनदा विचारलं. एकदा मला, एकदा रोहितला, आणि एकदा मला बाहेर काढून परत रोहितला.

मी नंतर विचारलं, "काय सांगितलंस?"

"नाही पीत म्हणून सांगितलं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"बरं म्हणाल्या."

ते 'बरं' मला माहीत आहे. खानावळीतली पोरं "मावशी, पुढच्या महिन्यात नक्की" म्हणतात तेव्हा मीही तसंच बरं म्हणते.

गुरुवार, ७ ऑगस्ट

ताप उतरतोय. पोराने आज कोशिंबीर मागितली. मी डबा घेऊन गेले तर तिथली सिस्टर म्हणे, कच्चं काही चालणार नाही. मी म्हटलं, बाई, ही बाहेरची नाही, माझ्या हातची आहे. तरी परत पाठवली.

माझी कोशिंबीर काय आहे हे तिला काय ठाऊक. मुळा किसायचा, मीठ लावून ठेवायचा, आणि मग मुठीत धरून पिळायचा. चमच्याने दाबून नाही, फडक्यात बांधून नाही, मुठीत. पाणी निघालं पाहिजे आणि रस राहिला पाहिजे, ते फक्त हाताला समजतं. मग कोथिंबीर, दाण्याचं कूट, दही. पोळ्या आणि भांडी शकुबाईकडे आहेत, पण कोशिंबिरीला मी तिला हात लावू देत नाही. रोहित तर लहानपणापासून दुप्पट खातो, वाटी चाटून.

घरी आले तर शेजारची कुसाबाई ओट्यावर. चहाला थांब म्हटलं तर म्हणे, "नको गं, लागट असलं तर? आमच्याकडे लहान नातू आहे." आणि वर हळूच, "पोरगा कधीपासून घ्यायला लागला?" लागट आणि दारू, दोन्ही एकदम कसं असेल, एवढा तरी विचार करावा माणसाने. दारूने झालं असेल तर नातवाला कसं लागेल? पण गल्लीला दोन्ही पाहिजे.

खानावळीत आज अर्धी पोरं आली नाहीत. त्यातल्या दोघांची पोटं महिनाभर धड नाहीत. नाक्यावरचे वडापाव खातात, दुसरं काय.

शुक्रवार, ८ ऑगस्ट

पुंजाराम कातकाडेंचा फोन आला. रोहितचे होणारे सासरे. देवळाली कॅम्पला राहतात, तोफखान्यातून सुभेदार म्हणून रिटायर झाले. साखरपुडा मे महिन्यात झालाय, लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलंय.

"ताई, जरा थांबू या म्हणतो. आमची एकच मुलगी आहे. लिव्हरचं दुखणं म्हणजे... तुम्ही समजून घ्या."

मी समजून घेऊ? ह्याच माणसाने साखरपुड्याच्या दिवशी माझ्या पोराला मागच्या खोलीत नेऊन ग्लास पुढे केला होता. मिलिटरी कॅन्टीनच्या कोट्यातला, दर महिन्याला न चुकता उचलतात तो. रोहित नको म्हणाला तर ह्यांचं तोंड एवढंसं झालं, "जवान माणूस आणि पीत नाही?" तेव्हा पीत नाही म्हणून वाईट वाटलं, आता पितो म्हणून लग्न थांबवायचं.

मी एवढंच म्हटलं, "डॉक्टरांच्या सहीचं सर्टिफिकेट आणून देते. दारू पीत नाही आणि रोग लागत नाही, दोन्ही लिहून आणते."

"तसं आणलंत तर माझं काही म्हणणं नाही," म्हणाले.

रोहितला सांगितलं नाही. नळी लागलेली असताना कसं सांगू.

सोमवार, ११ ऑगस्ट

सर्टिफिकेटसाठी तृप्ती डॉक्टरांना गाठलं. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि असं बोलल्या की माझं डोकं अजून तापलेलं आहे.

म्हणाल्या, "दारू पीत नाही हे मी लिहीन. माझी खात्री आहे." इथवर चांगलं. मग मी म्हटलं, आणि लागत नाही हेही लिहा.

"गळू लागत नाही. त्याच्याजवळ बसून, त्याच्या ताटात जेवून, खोकल्याने, कशानेही नाही. काहींना पित्ताशय, अपेंडिक्स, रक्तातला संसर्ग यातून असं गळू होतं. तुमच्या मुलाचं अमीबामुळे झालंय, तसं रक्ताच्या तपासणीत आलंय. तो जंतू आतड्यात राहतो आणि रक्तातून लिव्हरमध्ये जातो. पिणाऱ्या पुरुषांना जास्त होतं म्हणून सगळे आधी तेच विचारतात, मीही विचारलं. पण न पिणाऱ्यालाही होतं."

"मग झालं तर."

"गळू लागत नाही, काकू. जंतू लागतो. कोणाच्या तरी शौचातून पाण्यात, कच्च्या खाण्यात, हाताला, आणि तिथून तोंडात. ज्याच्या पोटात आहे त्याला काही त्रास नसतोही. धडधाकट असतो, कामं करतो. म्हणून घरातल्या आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यांची तपासणी करा, मग मी पूर्ण लिहून देते."

माझ्या स्वयंपाकघरात शौचाचं नाव. मी उठून उभी राहिले. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्ही स्वयंपाकाआधी साबणाने हात धुता ना?"

मी खरं ते सांगितलं. भांड्यांना साबण, अंघोळीला साबण. पण कोशिंबिरीच्या हाताला साबण लावला तर त्याचा वास मुळ्याला चिकटतो आणि सगळं नासतं. माझ्या आईनेही कधी लावला नाही. स्वच्छ पाण्याने दोनदा खळखळून धुते. आणि संडासानंतर? तेव्हाही पाण्याने, चांगले घासून. त्या कागदावर काहीतरी लिहीत बसल्या. शिकलेल्या माणसांना चवीचं काही कळत नाही.

आमच्या गल्लीचा रस्ता दोन महिने खणून ठेवलाय, गटाराचं पाणी नळात मिसळत असेल, तेही मी सांगितलं. म्हणाल्या, पाणीही तपासा. तपासते. सगळं तपासते.

मंगळवार, १२ ऑगस्ट

शकुबाईला काढलं.

विचार केला आणि उलगडलं. माझ्या स्वयंपाकघरात बाहेरून येणारं माणूस ती एकच. पेठ तालुक्यातली, इथे पत्र्याच्या खोलीत राहते, तिथे संडास दहा घरांत एक. जंतू आणायचा तर तीच आणणार. ती सकाळी आली, चप्पल काढत होती, मी दारातच सांगितलं. "शकू, तुझ्या हाताने माझ्या पोराचं लिव्हर गेलं. उद्यापासून येऊ नको."

आवाज चढला असेल. गल्लीतल्या बाया बाहेर आल्या. कुसाबाई तर गॅलरीतून वाकून बघत होती. बरंच झालं, निदान बाटलीचं नाव तरी मागे पडेल.

शकुबाई म्हणाली, "बाई, मी काय केलं?" मग पायात चप्पल घालून गेली.

पोळ्या मीच लाटल्या. कंबर गेली.

गुरुवार, १४ ऑगस्ट

रोहित घरी आला. बारीक झालाय, चालताना बरगडी धरतो. उरलेल्या गोळ्या घ्यायच्या आहेत. पाण्याचा रिपोर्ट चांगला आला, टाकीचाही. मग शकूच. सर्टिफिकेटच्या वाटेतलं एवढंच राहिलं होतं, ते मी काढून टाकलं.

रोहितने विचारलं, "आई, शकूमावशी कुठंय?"

"गावी गेली," म्हटलं.

शनिवार, १६ ऑगस्ट

आज शकुबाई ओट्याखाली उभी. आत ये म्हटलं नाही, तीही आली नाही. हातात कागद.

"सरकारी दवाखान्यात जाऊन तपासलं. तीन दिस गेली. माझ्यात काय नाय निघालं, बाई."

"बरं मग?"

"तुमी बोल्ल्या ते समद्या गल्लीनं ऐकलं. बाकीच्या दोन घरांनी बी काढलं मला."

ते लोक काढतात त्याला मी काय करणार. त्यांनी एका शब्दावर काढलं, ना काही विचारलं, ना काही तपासलं. कसली माणसं असतात. मी तिला तसं सांगितलंसुद्धा. तिने कागदाची घडी घातली आणि गेली.

तृप्ती डॉक्टरांना फोन करून सांगितलं, शकूचं साफ आहे, पाणी साफ आहे, आता लिहा. त्या म्हणाल्या, "आणि तुमचं?"

मी फोन ठेवला.

रविवार, १७ ऑगस्ट

कातकाडेंची हर्षाली, माझी होणारी सून, आली होती, बापाला न सांगता. बँकेत आहे पोरगी, डोळ्याला डोळा भिडवून बोलते. रोहितशी बोलली, मग माझ्याकडे स्वयंपाकघरात आली आणि पाटावर बसली.

"काकू, मला माहितेय ते पीत नाहीत. पण पप्पांना कागद हवाय. मग अडलंय कुठं?"

"त्या डॉक्टरीणबाईला माझी तपासणी हवी आहे."

"मग करून टाका ना."

"मी आजारी आहे का? मला ताप आहे? गेल्या उन्हाळ्यात भावाच्या मुलाच्या लग्नात पोट बिघडलं होतं ते सोडलं तर वर्षभर मला शिंक नाही आली. तेही सगळ्या वऱ्हाडाचं बिघडलं होतं. ओवा खाल्ला, बरी झाले."

तिने माझ्या हातांकडे बघितलं. तिच्या त्या बघण्याचा मला एवढा राग आला की म्हटलं, देते. उद्याच देते. म्हणजे सगळ्यांची तोंडं एकदाची बंद होतील.

ह्या वयात डबी घेऊन लॅबच्या रांगेत उभं राहायचं. पोरासाठी काय काय करावं लागतं.

गुरुवार, २१ ऑगस्ट

माझ्यात निघाला.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं. नुसतं भिंगाखाली बघून नाही, दुसरी पक्की तपासणीही केली म्हणे. मी म्हटलं, चूक असेल. त्या म्हणाल्या, चूक नाही. मी म्हटलं, मग रोहितकडून मला आला असेल. त्या म्हणाल्या, "तसंही असू शकतं, काकू. कोणी कोणाला दिला हे खात्रीने नाही सांगता येत." मग म्हणाल्या, "पण कच्चं सगळं तुम्हीच करता ना."

गोळ्या दिल्यात. परत तपासून साफ येईपर्यंत खानावळ बंद ठेवायची, आणि ज्या पोरांची पोटं बिघडली आहेत त्यांना तपासून घ्यायला सांगायचं. पूर्ण खरं लिहायचं तर हे सगळं आलंच, म्हणाल्या.

मी ह्या हातांनी... नाही, ते लिहवत नाही.

रोहितला संध्याकाळी सांगितलं. तो बराच वेळ भिंतीकडे तोंड करून पडला होता. मला वाटलं चिडलाय. चिडला असता तर बरं झालं असतं. वळून म्हणाला, "आई, कुणाला सांगू नको. खानावळ बसेल. एकदा नाव गेलं की परत कोणी येणार नाही. मी प्यायचो म्हणू दे त्यांना. मी पुंजारामकाकांना सांगतो, प्यायचो, आता सोडली. लोक तेवढं माफ करतात."

"आणि पोरांच्या पोटाचं?"

"त्यांना मी गुपचूप सांगतो काहीतरी."

मी त्याला बोल बोल बोलले. एवढं बोलले की कुसाबाई भिंतीपलीकडे गप्प झाली असेल. अंगात तीस पावलं चालायची ताकद नाही आणि आईसाठी बेवडा व्हायला निघालाय. मी काय त्याला ह्यासाठी वाढवला? माझी कोशिंबीर चांगली म्हणावी म्हणून त्याने आयुष्यभर बाटलीचं नाव लावून घ्यायचं? मग मी मोरीत जाऊन रडले.

रविवार, २४ ऑगस्ट

देवळाली कॅम्पला बसने गेले. कोणाकडे रिकाम्या हाताने जायची सवय नाही, पण आज हाताने केलेलं काही नेता येत नव्हतं, म्हणून दुकानातले पेढे घेतले. रोहित नको नको म्हणत होता, त्याला घरीच ठेवलं.

पुंजारामदादांनी चहा मागवला. मी चहा यायच्या आधीच सांगून टाकलं. "दादा, माझा मुलगा पीत नाही. जंतू माझ्या पोटात सापडला. कोशिंबीर मी हाताने करते आणि साबण लावत नव्हते. त्याला बहुतेक माझ्याच हातून झालं. हे मी डॉक्टरांकडून लिहून आणलंय, हा कागद."

त्यांनी कागद वाचलाच नाही. मांडीवर थाप मारून हसले. "एवढंच ना, ताई? अहो, मी काय काय समजत होतो." सुटल्यासारखे हसत होते, आणि मला राग आला. माझं पोरगं मरता मरता वाचलं आणि ह्यांना 'एवढंच' वाटतं. दारू नाही म्हटल्यावर ह्यांच्या लेखी जगात दुसरं काही वाईट उरलं नाही. लग्नाची तारीख तीच राहिली. हे ऐकायलाच गेले होते, आणि ऐकून तो न वाचलेला कागद घडी करून पिशवीत ठेवला.

हर्षाली बस स्टॉपपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "काकू, तुमचं मोठं मन. असं कोणी सांगत नाही." थोडं चालल्यावर विचारलं, "मग आता शकूमावशी येतात ना कामाला?"

बस आली म्हणून बरं झालं.

मंगळवार, २६ ऑगस्ट

शकुबाईच्या खोलीवर गेले. पहिल्यांदाच गेले, एवढी वर्षं तीच येत होती. खोली लख्ख. दाराशी पाण्याची बादली आणि जाळीत साबणाची वडी टांगलेली.

मी म्हटलं, "शकू, तुझं काही नव्हतं. माझ्यातच निघालं. ये परत."

"बरं."

"म्हणजे येतेस?"

"नाय."

मी म्हटलं, आता काय पाया पडू? माझ्या तोंडून गेलंच ते. ती मुळीच चिडली नाही. "पाया नका पडू, बाई. मला काढलं ते समद्यांमंदी काढलं. आता सांगता ते एकटीला सांगता. ह्यो पत्रा ऐकून काय करील? त्या दोन घरांनी मला कुठं परत घेतलं? जिथं बोल्ल्या तिथं बोला."

अशी अट घालते. माझ्याकडे पोळ्या लाटणारी बाई मला अट घालते. रस्ताभर मनात तिच्याशी भांडत आले. सुभेदाराच्या घरात बोलले ते कमी होतं का? गल्लीत बोलायचं म्हणजे खानावळ कायमची बसलीच.

रोहितला सांगितलं. वाटलं तो माझी बाजू घेईल. तो म्हणाला, "तू तर म्हणाली होतीस ती गावी गेली."

बुधवार, २७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

गल्लीच्या मंडळाची आरती कोपऱ्यावर असते, माझ्या ओट्यासमोरच. पहिल्या दिवसाची खिरापत दरवर्षी मी करते. ह्या वर्षी केली नाही. मंडळाच्या पोरांनी पेढे आणले होते. शकुबाईला सकाळी निरोप धाडला होता, आरतीला ये म्हणून. ती आली, पण मांडवात नाही, पलीकडे विजेच्या खांबाशी उभी राहिली.

आरती झाली. समोरच्या झुंबरबाईने विचारलं, "खिरापत कुठंय?" आणि मी माझ्या ओट्यावर चढले. मोठ्याने बोलायची मला सवय आहे, पण ती भांडायची. हे तसं निघेना.

म्हटलं, "ह्या वर्षी माझ्या हातचं काही नाही. रोहितचं गळू दारूचं नव्हतं. ते जवळ बसून कोणाला लागतही नाही. पण त्याचा जंतू हाताने लागतो, आणि तो माझ्या पोटात होता. शकुबाईने तीन दिवस जाऊन तपासलं, तिच्यात काही नव्हतं. मी न तपासता तिला इथे, ह्याच जागी बोलले. ज्या पोरांची पोटं बिघडली आहेत त्यांनी तपासून घ्या. खानावळ बंद आहे."

ढोलवाल्या पोराने ढोल खाली ठेवला. माझ्या मनात होतं, कोणीतरी एवढं म्हणेल की बाई, सांगितलंत ते बरं केलंत. एकाच्याही तोंडून निघालं नाही. दोघी जणी पदराला हात पुसत मागे सरकल्या. माझ्या हातची खिरापत गेल्या वर्षापर्यंत पुन्हा पुन्हा मागून खाणाऱ्या.

मग कुसाबाई म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "तरी मी म्हणतच होते, ह्यांच्या घरात काहीतरी आहे."

मी ओट्यावरून उतरायला लागले. खांबाजवळून शकुबाई पुढे आली आणि मांडवाच्या कडेला थांबली.

"कुसाबाई, माझं तपासलं, ह्यांचं तपासलं," ती म्हणाली. "तुमचं तपासलंय का?"

कुसाबाईचा पेढ्यासाठी पुढे केलेला हात तसाच राहिला. मांडवात इतकी माणसं होती, मी एकेकाच्या तोंडाकडे बघत गेले. तपासलेल्या आम्ही दोघीच होतो.

शकुबाईने प्रसाद घेतला नाही. जाताना तिला गाठून विचारलं, "उद्या येतेस?"

"बघते," म्हणाली.